सोमेश्वरची जोड

माझं तोंड फाटकं हाय, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा माइक पंचवीस वर्षं माझ्याच हातात हाय. गाव तेलगावच्या अंगाला, माजलगाव धरणाच्या पाण्याला खेटून. जत्रेला येणारे निम्मे लोक कुस्ती बघायला येतेत आणि निम्मे भारत वस्तादाचं, म्हंजे माझं, तोंड ऐकायला. एखादा पैलवान बिचकला, पाय मागं घेतला, की मी माइकवर म्हणणार, "आरं, ह्या बायल्याला कुणीतरी बांगड्या भरा." झालं, चारी अंगानं हशा. तालमीतबी तेच. जोर कमी मारले, बायल्या. रडला, बायल्या. केस वाढवले, बायल्या. भाजीत मीठ घालावं तसा तो शब्द मी दिवसभर घालायचो.

आमची छबुबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणली, बायल्या म्हंजे बाईवानी, आसंच ना? मग डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढून दाखवा एकदा. ती लग्नाआधी आठ हंगाम ऊसतोडीला गेलेली. मी म्हणलं, तुला कुस्तीतलं काय कळतंय. न्हाईच कळत, म्हणली, आणि भाकरी उलटी केली.

आमची तालीम पाण्याच्या कडंलाच हाय. आश्विनात पहाटंचं धुकं धरणावरनं उठतं, बांध चढतं आणि न विचारता तालमीत येऊन बसतं. एकच दिवा, तोबी पिवळा. मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मुरलेलं, त्याचा वास गरम भातावानी वर येतो. पोरं लढत आसतेत, पण दिसत न्हाईत. धुक्यातनं एक हात येतो, एक पाठ येते, परत जाते. कुणाचा हात, कुणाची पाठ, काही कळत न्हाई, निस्ते श्वास ऐकू येतेत. त्या येळेला मला कितींदा वाटतं की आपण आजून उठलोच न्हाई, हे सगळं अंथरुणातच चाललंय. साठीला आलो तरी त्या तासाभराची मला ओढ हाय.

त्या धुक्यातबी एक पैलवान मला डोळे झाकून ओळखू यायचा. सोमेश्वर. उत्तरेश्वरचा थोरला, बावीस वर्षांचा. आई-बाप सहा महिने ऊस तोडायला कर्नाटकात, म्हणून चौदाव्या वर्षापासनं पोरगं हंगामात माझ्या घरी जेवलेलं. त्याच्या कुस्तीत घाई न्हवती. समोरचा धडपडायचा आणि हा पाण्यात उभा राहिल्यावानी उभा. मग एकदम ढाक डाव लावायचा आणि समोरचा वर हवेत. ढाक मीच शिकवलेली, पण माझ्यापेक्षा त्याची भारी होती. हे मी त्याला कधी सांगितलं न्हाई. शिव्या तेवढ्या दिल्या.

दसऱ्याला आठ दिवस होते. त्या पहाटं दुसरं कुणीच आलं न्हवतं. सोमेश्वर फावड्यानं माती उकरत होता आणि मी झारीनं पाणी शिंपडत होतो. मी लग्नाचा विषय काढला. उत्तरेश्वरनं पोरगी बघितलेली, काढीव मुहूर्तावर घाईत उरकायचं ठरलेलं. घाई कावून, तर सोमेश्वरच्या आईच्या कंबरेचं हाड सरकलेलं, ती ह्या साली जाऊ शकत न्हवती. आणि ऊसतोडीत एकट्या माणसाला मोल न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा म्हंजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेत न्हाई. म्हणून पोराला बायको करायची आणि दोघांना टोळीत पाठवायचं, आसा बापाचा हिशेब.

सोमेश्वर म्हणला, वस्ताद, मला लग्न करायचं न्हाई. माझ्या तोंडाला सवयच होती. मी म्हणलं, "कावून बे? बायल्या हायस का?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. आपटलं न्हाई, नीट ठेवलं.

"हाय, वस्ताद," म्हणला. "मला पोरी न्हाई, पोरं आवडतेत. तुमी ज्याला बायल्या म्हणता ना, तो मीच हाय. आठ वर्षं तुमच्या तोंडून मी माझंच नाव ऐकतोय."

मी काय केलं सांगू? पाणी शिंपडत राहिलो. झारी रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा शिंपडलं. कुस्तीच्या हौदातल्या मातीचा निस्ता चिखल झाला. मग म्हणलं, माती लई ओली झाली, आज लढत न्हाई, घरी जा. तो गेला. धुक्यात चार पावलं दिसला, मग दिसला न्हाई. मोठमोठ्या पैलवानांना मी आंगावर घेतलंय, पण त्या दिवशी मी पळालो, हे कबूल करतो.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस कसे गेले मला नीट आठवत न्हाई. पाण्याच्या कडंला जाऊन बसायचो. समोर पाणी, पाण्यापलीकडं ऊस, उसावर धुकं, आणि त्यात कधी सोमेश्वर चौदा वर्षांचा होऊन ताट घेऊन बसलेला दिसायचा, कधी बावीसचा. तालमीत पोरं चुकली की तो शब्द तोंडात यायचा आणि घशात माशाच्या काट्यावानी आडायचा. बाहेरबी येईना, आतबी जाईना. पोरं म्हणायला लागली, वस्तादाची तब्येत बरी न्हाई.

शेवटी छबुबाईला सांगितलं. तिनं डोळाबी हलवला न्हाई. मला ठावं हाय, म्हणली, आठ वर्षं जेवू घालते, पोराच्या मनातलं कळत न्हाई व्हय? मग तिनं इचारलं, तुमी त्याला काय म्हणलात? मी म्हणलं, माती लई ओली झाली, आसं म्हणलं. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी ताट वाढलं, पण बोलली न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई.

आता मला चूक दुरुस्त करायची घाई झाली. आणि घाईत माणूस दुसरी चूक करतो. मी गेलो मुकादमाकडं. रामप्रसाद मुकादम, आमच्याच गावचा, जत्रेच्या कमिटीतला. मनात आलं, ह्यानं उत्तरेश्वरला एकट्याला घेतलं, अर्धा कोयता का हुईना, तर लग्नाची घाई टळंल आणि पोरगं वाचंल. लई शहाणपणाचं वाटलं तवा. त्याला म्हणलं, पोरगं लग्नाला न्हाई म्हणतंय, बापाला एकट्याला घे. रामप्रसाद म्हणला, आसा धडधाकट गडी लग्नाला न्हाई कावून म्हणतो? रोग हाय का काही? रोग म्हणल्यावर माझं डोकं फिरलं. मी बोलून गेलो. रोगबिग काही न्हाई, पोराला पोरं आवडतेत, आणि हे तुझ्याजवळच ठेव.

मुकादमाला सांगायचं आणि वर तुझ्याजवळ ठेव म्हणायचं! हंगामाच्या तोंडावर त्याच्या फोनात बारा गावची माणसं. कोण येतंय, कोण न्हाई, कुणाची जोडी जमली, कुणाची मोडली, दिवसभर तेच चाललेलं. दिवस मावळायच्या आत गोष्ट पाटोद्याला, पोरीच्या गावाला, पोचली. पोरीकडल्यांनी लग्न मोडलं. म्हंजे मला पाहिजे ते झालं, पण कसं झालं बघा. उत्तरेश्वर घराबाहेर येईना. तालमीत पोरं सोमेश्वरसंग लढंनात. कुणाचं मनगट दुखतंय, कुणाला ताप हाय. चार दिवसांत आख्खी तालीम आजारी पडली.

सोमेश्वर माझ्या दारात आला. आत ये म्हणलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वस्ताद, मी तुमाला सांगितलं होतं," म्हणला. "गावाला न्हाई."

आयुष्यभर माइकवर बडबड केली, पण चुकलो म्हणायचं कुणी शिकवलंच न्हवतं. तोच पुढं म्हणला, जत्रेत मी फेरी मारणार. जोड लागली तर लागली. न्हाई लागली, तर लंगोट तुमच्या खुंटीला टांगतो आणि पुण्याला कंपनीत जातो, ह्या मातीत परत पाय ठेवणार न्हाई. मी म्हणलं, मार फेरी. एवढंच म्हणलं. छबुबाई आतनं ऐकत होती. तिनं त्याला गूळ-शेंगदाणे दिले, आणि त्यानं घेतले.

फेरी म्हंजे काय ते सांगतो. आमच्याकडं कुस्त्या आधी ठरत न्हाईत. पैलवान लंगोट लावून, उजवा हात वर करून आखाड्याला फेरी मारतो. ज्याला लढायचं तो उठतो आणि त्याचा हात धरतो. हात धरला की जोड लागली, मी माइकवर तसं सांगायचं, हलगी कडाडते. तीन फेऱ्यांत कुणीच हात धरला न्हाई, तर पैलवानानं मातीला हात लावून कोरडं बाहेर पडायचं. हे आमच्या गावात क्वचितच होतं. ज्याचं झालं तो परत कधी आखाड्यात दिसला न्हाई.

दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपारचे तीन. ऊन पातळ, ताकात पाणी घातल्यावानी. वाटेला ट्रक उभे होते, भांडी, गोधड्या, शेळ्या चढवून झालेल्या, सकाळी टोळ्या निघणार. आख्खं गाव एका जाग्याला बसलेलं बघायचा तो शेवटचा दिवस, मग सहा महिने निम्मी घरं बंद. रामप्रसाद माझ्या शेजारी बसलावता. कानात म्हणला, वस्ताद, त्याला फेरीला सोडू नका, जत्रेचं नाव खराब होईल. मी म्हणलं, गप बैस, तुझ्याच तोंडानं काय ते खराब झालंय. मग आठवलं की सुरुवात माझ्या तोंडानं झाली, आणि मीच गप बसलो.

सोमेश्वर उतरला. मातीला हात लावून कपाळाला लावला, हात वर केला आणि चालायला लागला.

पहिली फेरी. तो जिथनं जाईल तिथले पैलवान खाली बघायचे, कुणी लंगोटाची गाठ सारखी करायचा, कुणाला एकदम पाणी प्यायची आठवण यायची. दुसरी फेरी. पाटोद्याचा रविराज त्याच्याच वजनाचा, दोघं तीनदा लढलेले, एकमेकांच्या गावाला जाऊन जेवलेले. सोमेश्वर त्याच्यापुढं थांबला. थांबायची रीत न्हाई, पण थांबला. रविराजनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आणि मागनं कुणीतरी वरडलं, "वस्ताद, बांगड्या भरा की ह्याला!"

माझाच शब्द, माझ्याच ठेक्यात. लोक हसले आणि हसता हसता सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आता वस्ताद पुढचं काय बोलतो, म्हणून वाट बघत होते. हजार-दीड हजार तोंडं, सगळी उघडी. हलगीवाल्यानं हात रोखला. मला काहीच ऐकू येईना झालं. लोक हलत होते, पण पाण्याखालनं बघावं तसे हळूहळू. आणि त्या सगळ्यांच्या मधी सोमेश्वरचा वर केलेला हात. दंडाला घाम होता, पण हात खाली आला न्हाई. मला माझी इतकी लाज वाटली की तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं.

मी माइक तोंडाजवळ नेला.

"हा शब्द माझा हाय," म्हणलं. "पंचवीस वर्षं मीच तो गावाला वाटला. आज परत घेतो. ह्याच्यापुढं कुणाच्या तोंडात आला तर गाठ माझ्याशी."

माइक रामप्रसादच्या मांडीवर टाकला. सदरा काढला, धोतराचा काचा मारला आणि उतरलो. उजवा गुडघा कसा कुरकुरला ते मलाच ऐकू आलं. सोमेश्वरची तिसरी फेरी सुरू झाली होती, नजर खाली, त्याला मी दिसलोच न्हाई. मी पुढं झालो आणि त्याचा हात धरला. थंडगार होता.

तो म्हणला, वस्ताद, तुमचा गुडघा. मी म्हणलं, गुडघा माझा हाय, तू तुझं बघ. मग त्याच्या कानाजवळ तोंड नेलं आणि जे दारात बोलता आलं न्हाई ते बोललो.

"चुकलो रं. दोन्ही येळेला चुकलो."

त्यानं निस्ता माझा हात दाबला. वर रामप्रसाद माइक हातात धरून बसलावता. आखरीला भीतभीत म्हणला, जोड लागली. हलगीवाला जणू तेवढ्याचीच वाट बघत होता, आसा कडाडला.

आम्ही एकमेकांच्या आंगाला माती लावली. तीच तालमीतली माती, जत्रेसाठी आखाड्यात आणून टाकलेली, ताक-हळदीची, आम्ही दोघांनी मिळून उकरलेली. मनगट धरलं, मान धरली. पोरगं मला जपायला लागलं. कच्च्या मडक्याला हात लावावा तसं धरत होतं. लोकांना कळत न्हाई, पण ज्यानं शिकवलं त्याला कळतं. मी त्याला दमात घेतलं, कुस्ती सोडलीस तर हितंच तोंड फोडीन, नीट लढ. आणि आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा ते हसलं. माझ्या मानंवर त्याचा हसल्याचा श्वास लागला.

मग लढला. मी त्याच्या पायाचा पट काढायला वाकलो, त्यानं पाय मागं घेतला. मी दाबलं, तो हलला न्हाई. जसा धुक्यात उभा राहायचा तसा उभा. मला दम लागला, डोळ्यापुढं पिवळं आलं, आणि तेवढ्यात त्याचा हात माझ्या काखेतनं गेला. मी मनात म्हणलं, आली ढाक. आलीच.

हवेत माणूस किती येळ आसतो? चुटकीभर. पण मी लई येळ होतो. सगळं उलटं दिसलं. लोक उलटे, ऊस उलटा, धरणाचं पाणी वरच्या बाजूला. बायकांच्या घोळक्यात छबुबाई उठून उभी राहिलेली, पदराचा बोळा तोंडात. ट्रकाच्या टपावर उत्तरेश्वर उभा होता, घराबाहेर न येणारा उत्तरेश्वर, आणि तो बघत होता. मला काही भ्याव वाटलं न्हाई. वाटलं, हे पोरगं मला हळूच खाली ठेवंल. तसंच ठेवलं. दोन्ही खांदे मातीला लागले, चितपट, शंका घ्यायला जागा न्हाई.

ह्या गावात माझी पाठ कुणी मातीला लावली न्हवती. आस्मान दाखवलं म्हणतेत कुस्तीत. मी लई जणांना दाखवलं, स्वतः पैल्यांदाच बघितलं. निळं हाय आणि लई लांब हाय.

आधी कुणीच वाजवलं न्हाई. मग रामप्रसादनं माइकमधी खाकरलं आणि निकाल सांगितला. उत्तरेश्वरचा सोमेश्वर, विजयी. नाव नीट घेतलं, मागं-पुढं काही जोडलं न्हाई. त्यावर बायकांच्या बाजूनं टाळी सुरू झाली, कुणी सुरू केली ते मला न बघता कळलं. तिकडनं ती पुरुषांत आली. सगळे काही वाजवत न्हवते, खोटं कशाला बोलू. निम्मे हात मांडीवरच होते. पण निम्मे वाजत होते.

मी पडलो होतो तिथंच माझ्या डोक्याजवळ दोन पाय येऊन उभे राहिले. रविराज होता. मघाशी पाठीमागं घेतलेला हात आता पुढं केला होता. म्हणला, सोम्या, मघाशी माझं चुकलं, चल, माझ्यासंग लढ.

सोमेश्वर धापा टाकत होता. आंगभर माती, डोळ्यांतनं पाणी, ते पाणी मातीतनं वाट काढत हनुवटीपर्यंत आलेलं. त्यानं त्या हाताकडं बघितलं. घाईनं धरला न्हाई.

"पुढल्या जत्रेत ये," म्हणला. "आज माझी कुस्ती झाली."

पुढल्या जत्रेत, म्हणला. मी तसाच पडून राहिलो. लोकांना वाटलं म्हातारं बेशुद्ध पडलं. छबुबाई तांब्या घेऊन पळत आली, तोंडावर पाणी मारायला लागली. तिला म्हणलं, थांब जरा, उठवू नको, आत्ताशी कुठं बरं वाटतंय.